राधाबाईंच्या पापण्या

संपादकांना खरं म्हणजे निवृत्त माणूस हवा होता. फोन त्यांनी बाबांना केला होता. बाबा लखनौच्या मानक नगरातल्या रेल्वे कॉलनीत सगळी नोकरी काढलेले इंजिनियर, तेव्हा गाठीला अनुभव असणारच. बाबा म्हणाले, “माझ्या अनुभवात नुसते रूळ आहेत. आमच्या मुलीला विचारा, तिच्याकडे भांडणं आहेत.”

म्हणून हे मी लिहितेय. मी तिशीच्या आतली आहे आणि मला सवय आहे ती पत्रकं लिहायची. एका कागदात मावेल एवढं, मोठ्या टायपात, खाली सही. दिवाळी अंकात शोभेल असं रसाळ काही माझ्याकडून होणार नाही. या वर्षी जे पाहिलं त्यातून मी अजून सावरलेली नाही. तेच सांगते.

माझं काम जुने फोटो वाचवणं. आमची एक छोटी संस्था आहे. आम्ही घरोघरी जातो, ट्रंका आणि दिवाणाखालचे खोके उघडायला लावतो, फोटो स्कॅन करतो, नीट कागदात गुंडाळून ज्याचे त्याला परत देतो आणि हात जोडून सांगतो की आता यांना काही करू नका. दारात उभ्या मुलीने “पुराने फ़ोटो हैं?” असं विचारलं की लखनौचे लोक आधी रद्दीवाली समजतात आणि मग जागेच्या भानगडीतली वकील. दोन्ही नाही म्हटल्यावर चहा येतो.

वाळवी, ओल, उंदीर या सगळ्यांशी आम्ही लढतो. पण खरा वैरी प्रेम. माणसं प्रेमापोटी फोटोचं जे करतात ते उंदीरही करत नाही. छावणीत एक मराठी कर्नलसाहेब आहेत. त्यांचे पणजोबा मराठा पलटणीत सुभेदार होते. त्यांचा एकुलता एक फोटो साहेबांनी मोठ्या अभिमानाने माझ्यापुढे ठेवला. लॅमिनेट केलेला. गरम प्लास्टिकमध्ये दोन्ही बाजूंनी दाबून बंद. आता तो काढायचा तर सुभेदारांची कातडी सोलून निघेल. साहेब म्हणाले, “अब सौ साल कुछ नहीं होगा.” मी म्हटलं, “सर, होऊन गेलंय.” त्यांनी मला चहा दिला नाही. दुसऱ्याच दिवशी मी पत्रक काढलं, ‘आजोबांना प्लास्टिकमध्ये कोंडू नका’, हिंदीत आणि मराठीत.

दुसरे एक गृहस्थ चिनहटहून आले. तिकडे कारखाना आहे त्यांचा. मुलाच्या लग्नाचा ग्रुप फोटो आणला होता आणि त्यातून सून काढून हवी होती. घटस्फोट झाला होता. “बस इनको हटा दीजिए, बाक़ी सब ठीक है.” मी सांगितलं, आमच्याकडे माणसं पुसून मिळत नाहीत. ते म्हणाले, बाजारात कुणीही करून देईल. देतीलच. पण त्या दिवशी मला वाटलं होतं की पुसणं हाच आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा. त्याच्या उलटा गुन्हाही असतो हे मला लखनौच्याच जानकीपुरममध्ये कळलं.

मराठी मंडळाच्या गणपतीत मी पत्रकं वाटत होते तेव्हा सुलभाकाकू भेटल्या. सुलभा खांबेटे. माहेर वाईचं, सासर चार पिढ्या लखनौत, स्वतः शाळेतून हिंदीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त. त्यांनी पत्रक तिथेच उभ्याने पूर्ण वाचलं आणि म्हणाल्या, “शुद्धलेखन बरं आहे. भाषा उद्धट आहे.” मग पत्ता दिला आणि म्हणाल्या, “आमच्याकडे फोटो आहेत. पण ते फोटोसारखे दिसत नाहीत, हे आधीच सांगते.”

खरंच दिसत नव्हते. जानकीपुरममधल्या त्यांच्या फ्लॅटच्या अरुंद पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींवर सागवानी चौकटी लागल्या होत्या. मी जवळ गेले. नदीवरचं धुकं. विटांच्या भट्टीचा धूर. धुक्यात विरत जाणारा एक्का, त्यात घोडा कुठे संपतो आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही. कोळशाने काढलेली चित्रं वाटावीत. पण ती चित्रं नव्हती, कॅमेऱ्याने काढलेले फोटो होते. काढणारे काकूंचे आजेसासरे, दामोदरपंत खांबेटे, रेल्वेत नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. दिवसभर रेघा अचूक मारायच्या आणि सुट्टीच्या दिवशी गोमतीकाठी जाऊन सगळ्या रेघा विरघळवायच्या.

इथे थोडं धंद्यातलं सांगावं लागेल. फोटोग्राफी नवी होती तेव्हा चित्रकार म्हणायचे, ही कला नाही, यंत्र आहे. बटण दाबलं की झालं. त्यावर जगभरच्या काही हट्टी फोटोग्राफर मंडळींनी ठरवलं, दाखवतोच आता. फोटो हाताने घडवायचा. त्यासाठी त्यांनी नाना प्रकार काढले. त्यातला एक डिंकाचा. साधा डिंक, त्यात काजळीसारखा रंग आणि एक नारिंगी रसायन. ते विषारी असतं. हे मिश्रण जाड कागदावर ब्रशने लावायचं, अंधारात वाळवायचं, वर काचेची निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. जिथे ऊन पोचतं तिथला डिंक कागदाला घट्ट धरतो. जिथे पोचत नाही तिथला पाण्यात सुटतो. मग तो कागद पाण्यात तरंगत ठेवायचा आणि चित्र हळूहळू वर येतं. ओलं असताना त्यावर ब्रश फिरवला तर जे नको ते धुऊन काढता येतं. झाड नको, झाड गेलं. म्हणून असे दोन फोटो कधीच सारखे नसतात.

मी हे एकदा स्वतः करून पाहिलं आहे. शिकवणाऱ्याने हातमोजे घाला म्हटलं होतं, मी घातले नाहीत. नखांच्या कडा काळपट झाल्या त्या कितीतरी दिवस जाईनात. आई म्हणाली, त्यापेक्षा मेंदी काढायचीस.

दामोदरपंतांची आणखी एक खोड होती. मनासारखा फोटो छापून झाला की ते निगेटिव्हची काच खरवडून साफ करायचे आणि तीच काच त्या फोटोवर चौकटीत बसवायचे. म्हणजे दुसरी प्रत निघायचा प्रश्नच नाही. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काकू म्हणाल्या, “काटकसर. दुसरं काय.” मला ती काटकसर वाटली नाही. एकच प्रत राहावी, हा हट्ट वाटला.

पॅसेजच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारासमोर, एक चौकट होती. खाली पेन्सिलीने लिहिलेलं ‘सकाळ’. नदीकाठचा लोखंडी कठडा, धुकं, आणि कठड्याला हात टेकून उभी असलेली नऊवारीतली एक बाई. चेहरा नाही. म्हणजे डोकं आहे, पदर आहे, मान किंचित वळलेली आहे, पण जिथे चेहरा हवा तिथे नुसता उजेड. कठड्यावरचा हात चौकटीच्या कडेला, काचेवरच्या काळ्या कागदी पट्टीखाली शिरून नाहीसा होतो.

“या आमच्या आजेसासूबाई. राधाबाई,” काकू म्हणाल्या. “एवढाच फोटो आहे त्यांचा.”

राधाबाई गेल्या तेव्हा त्यांचा मुलगा रांगत होता. तो मुलगा म्हणजे काकूंचे सासरे. काकू सांगत होत्या की मामंजी रोज सकाळी चहाचा कप घेऊन या फोटोपुढे उभे राहायचे. आधी लांबचा चष्मा लावून बघायचे, मग तो काढून जवळचा. म्हातारपणी दोन्ही काढून अगदी नाक टेकवून. वडिलांना विचारायची सोय नव्हती, दामोदरपंत बायको गेल्यावर तिच्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि कॅमेराही त्यांनी पुन्हा उघडला नाही. पुढे काकूंचे यजमानही तसेच फोटोपुढे उभे राहायचे. आता दोघेही नाहीत.

“बाप्यांनी या घरात आयुष्यभर डोळे बारीक केले,” काकू म्हणाल्या. “आता हे लोकांनी तरी पाहावं. पॅसेजमध्ये काय, फक्त गॅसवाला पाहतो.”

मी शब्द दिला की लोक पाहतील.

शहरात एक नवं कलादालन उघडत होतं. नाव सांगत नाही. तिथले प्रमुख मिश्राजी, अतिशय अदबीचे गृहस्थ. त्यांनी घरी येऊन फोटो पाहिले, काकूंच्या पाया पडले, म्हणाले, ये तो लखनऊ की धरोहर है. काकूंनी सही करून फोटो प्रदर्शनापुरते दिले. चौकटी सागवानी आहेत, त्या मात्र परत पाहिजेत, असं बजावलं. काही आठवड्यांनी चौकटी आणि जुन्या काचा एका गोणीत घालून परत आल्याही. दालन स्वतःची नवी फ्रेम वापरणार होतं. मी म्हटलं, वा, शिस्त आहे.

हिवाळ्यात उद्घाटन झालं. मी बाबांना घेऊन गेले. बाबांना ही चित्रं पूर्वी दाखवली होती तेव्हा ते म्हणाले होते, पुलाच्या भेगेचा असा फोटो कुणी आणला असता तर मी त्याला परत पुलावर पाठवलं असतं. तरी सूट घालून आले.

आत शिरले आणि मला वाटलं, आपण चुकीच्या दालनात आलो.

भिंतभर उजळलेले फोटो. भट्टीची एकेक वीट दिसत होती. घोड्याच्या आयाळीतला एकेक केस. नदीवर धुकं नव्हतं, स्वच्छ ऊन पडलं होतं आणि पलीकडच्या काठावर झाडं उगवली होती, पानांसकट. मी त्या काठावर कितीदा गेले आहे, तिथे तशी झाडं नाहीत. आणि समोर, सर्वांत मोठी, पुरुषभर उंचीची ‘सकाळ’. राधाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना डोळे होते. ओठ होते. पापण्या होत्या, एकेक मोजता येईल अशा.

बाबा, ज्यांना धुक्याचं काही कौतुक नव्हतं, ते हळूच म्हणाले, “अगं, हिला तर चेहरा नव्हता ना?”

मिश्राजी धावत आले, खुशीत. त्यांनी समजावून सांगितलं. मूळ फोटो आत स्टोअरमध्ये सुरक्षित आहेत, ऊन नाही, धूळ नाही. हे त्यांचे स्कॅन, आणि स्कॅन संगणकाच्या नव्या प्रोग्रॅममधून काढले आहेत, जो खराब फोटो दुरुस्त करतो. “मैडम, ओरिजिनल तो बिल्कुल धुंधले थे. हमने सब क्लियर करवा दिया.”

मी विचारलं, धूसर का होते असं वाटलं तुम्हाला?

“पुराने हैं,” ते म्हणाले. “ख़राब हो गए होंगे.”

एका माणसाने रसायनात हात घालून, उन्हात उभं राहून, एकेक कागद पाण्यात धुऊन जे धुकं जमवलं होतं, ते यांनी डाग समजून काढून टाकलं. मी तिथेच मोठ्याने बोलायला सुरुवात केली. मला सभ्यपणे बोलता येत नाही असं नाही, पण त्या वेळी नाही आलं. लोक वळून बघायला लागले. मिश्राजींनी शांतपणे एकच वाक्य टाकलं. “आप परिवार से पूछ लीजिए.”

काकू त्या मोठ्या फोटोपुढे उभ्या होत्या. पदर नीट घेतलेला, हात जोडलेले. मला वाटलं यांना धरावं लागेल. जवळ गेले तर त्यांनीच माझं मनगट धरलं.

“ऋतुजा,” त्या म्हणाल्या, “डोळे आहेत बघ. मामंजींसारखे आहेत गं.”

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत जहाल. बाबांनी वाचलं आणि विचारलं, “काकूंना दाखवलंस?” फोटो त्यांचे, सही त्यांची. त्यांनी म्हटल्याशिवाय दालन एक खिळासुद्धा काढणार नव्हतं. मी पत्रक छापलं नाही.

जानकीपुरमला गेले. पॅसेज रिकामा होता, भिंतींवर चौकटींचे फिकट चौकोन. दिवाणखान्यात मात्र नवी फ्रेम. दालनाने काकूंना तो चेहरा मोठा छापून भेट दिला होता. त्याला चंदनाचा हार, कपाळाला हळदीकुंकू. काकू आनंदात होत्या. सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवला होता, नागपूरच्या पुतणीचं नाक अगदी असंच आहे असं सगळ्यांचं एकमत झालं होतं, पुतणीने तर फोनवर स्वतःच्या जागी तोच फोटो लावला होता. काकूंनी मला जेवायला वाढलं. मी, जिला गप्प बसता येत नाही, दोन पोळ्या आणि मेथीची भाजी खाऊन परत आले.

घरी येऊन मी माझ्याकडचा मूळ स्कॅन उघडला आणि तसल्याच एका प्रोग्रॅमला दिला. त्याने चेहरा दिला. सुंदर होता. पण तो दालनातला चेहरा नव्हता. पुन्हा दिला. तिसराच चेहरा आला, गोल, लहान मुलीसारखा. पुन्हा दिला, तर एक प्रौढ बाई आली, नाकात इकडची गोल नथनी घातलेली. मी एकामागून एक राधाबाई काढत होते आणि प्रत्येक जण तितक्याच खात्रीने माझ्याकडे बघत होती. मला भीती वाटायला लागली. बाबा मागे उभे होते. म्हणाले, “याला ‘माहीत नाही’ म्हणायला कुणी शिकवलेलं दिसत नाही.”

पुसणारे मी पुष्कळ पाहिले होते. हे घालणारे होते. जिथे काहीच नाही तिथे एक अख्खी बाई घालायची आणि तिच्या नातवंडांना सांगायचं, ही घ्या तुमची.

दुसऱ्यांदा गेले ती फोन हातात धरूनच. आता न सांगता आले तर माझ्यात आणि लॅमिनेशनवाल्यात फरक नाही, असं मनाला बजावत. काकूंना सोफ्यावर बसवलं आणि ते सगळे चेहरे एकामागून एक दाखवले. काय केलं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “यातल्या त्या कोणत्या?”

“कोणत्याच नाहीत, काकू.”

“आणि ती?” हार घातलेल्या फोटोकडे बोट.

“तीपण नाही.”

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. दूध ठेवल्याचा, भांडं आदळल्याचा आवाज आला. बाहेर आल्या त्या दारातच थांबल्या.

“मामंजी असते तर त्यांनाही सांगितलं असतंस?”

मी हो म्हटलं. 

“दुष्ट आहेस,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “त्या माणसाने जन्मभर चष्मे बदलले. एक चेहरा मिळाला होता घराला. कुणाचं काय बिघडत होतं?”

माझ्याकडे याचं उत्तर होतं, पत्रकात लिहिलेलं, मुद्देसूद. तिथे त्यातला एकही शब्द बोलण्यासारखा नव्हता. मी निघाले. काकूंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, जाताना बाल्कनीतली काचांची गोणी खाली नेऊन ठेव, कबाडीवाला येणार आहे. चौकटी काढून घेतल्यात, काचा नकोत मला घरात.

गोणी महिनाभर उन्हात पडली होती. उचलताना वरची काच सरकली म्हणून मी ती बाहेर काढली. कडेची काळी कागदी पट्टी उन्हाने सुटून लोंबत होती. दामोदरपंतांनी काच खरवडली होती ती मधली. छापताना कड झाकायला तिथे पट्टी आधीच चिकटवलेली, तिच्याखाली त्यांचं पातं पोचलंच नव्हतं. पट्टीखाली बोटभर रुंदीची निगेटिव्ह शाबूत होती. काच आकाशाकडे धरली तर उलटी दिसते, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. पण कठड्याचा गज ओळखू आला. आणि गजावर काहीतरी.

मी फोनने त्याचा फोटो काढला आणि रंग उलटे केले. यात यंत्र काही कल्पना करत नाही, नुसतं काळ्याचं पांढरं करतं. मी आत गेले, न विचारता काकूंच्या शेजारी बसले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

चार बोटं. लोखंडी गजावर टेकलेली, स्वच्छ, कालच काढल्यासारखी. ‘सकाळ’मधला जो हात पट्टीखाली नाहीसा होत होता, तो इथे होता. करंगळीला साधं वळं. सांध्यांवर सुरकुत्या. आणि नखांच्या कडा काळ्या, बोटांच्या टोकांवर काळपट डाग चढलेले. मला ते डाग माहीत होते. मला आई मेंदीवरून बोलली होती तेच.

काकूंनी चित्र मोठं केलं, पुन्हा लहान केलं.

“मामंजींची आत्या सांगायची,” त्या म्हणाल्या, “वहिनीचे हात कायम काळे. आम्हाला वाटायचं, चुलीचे.”

मी त्यांना नारिंगी रसायन सांगितलं, रंग सांगितला, पाणी सांगितलं. दामोदरपंत ऑफिसात असताना ते कागद कोण धूत असेल ते सांगायची गरज पडली नाही. तेव्हा हातमोजे नव्हते आणि राधाबाई तरुणपणी गेल्या, हे दोघींनाही सुचलं आणि दोघीही त्याबद्दल बोललो नाही.

“म्हणजे हा चेहरा पाण्यात असताना...” काकूंनी वाक्य अर्धंच सोडलं. ओल्या कागदावर ब्रश फिरवून तो धुऊन काढलेला होता. ब्रश नवऱ्याच्या हातात होता की तिच्या, ते कुणाला कळणार? पण पॅसेजमध्ये इतकी वर्षं लोक ज्या उजेडाकडे डोळे बारीक करून बघत होते तो झालेला नव्हता. केलेला होता.

काकूंनी मिश्राजींना फोन केला. शिक्षिकेच्या आवाजात. तो चेहरा उतरवा, मूळ फोटो त्याच्या जुन्या काचेखाली लावा, पट्टी न लावता. मिश्राजींचं उत्तर मला शेजारी ऐकू येत होतं. पुस्तिका छापल्या आहेत, मोठे लोक येऊन गेले आहेत, शाळांच्या सहली ठरल्या आहेत. “माताजी, लोग पूछेंगे, चेहरा कहाँ है?”

“पूछने दीजिए,” काकू म्हणाल्या.

त्यांनी नाही लावलं. काकूंनी सगळे फोटो परत मागवले. ते मात्र व्यवस्थित आले, एक ओरखडा नाही, हे सांगायलाच हवं. दालनात आता दुसरं काही आहे.

हार घातलेला फोटो काकूंनी भिंतीवरून काढला, कुंकू पुसलं आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. मी म्हटलं, फेकून का देत नाही? म्हणाल्या, “कुणाचा तरी चेहरा आहे गं तो.” मी म्हटलं, कुणाचाच नाहीये. “म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “टाकायचा कसा?” नागपूरच्या पुतणीच्या फोनवर तो चेहरा अजून आहे. आणखी कुठे कुठे गेला असेल, कुणाकुणाची आजी झाला असेल, देव जाणे. पत्रकं वाटून तो परत गोळा करता येणार नाही.

दामोदरपंतांचं काम पाहायचं असेल तर ते आता पुन्हा जानकीपुरमला, त्याच पॅसेजमध्ये आहे. रविवारी काकू दार उघडं ठेवतात. आमच्या संस्थेतून कळवलंत की नेऊ. काकू आधी तुमचं मूळ गाव विचारतील, मग पोहे देतील, मग उभं कुठे राहायचं ते सांगतील. जवळ जाऊ नका. स्वयंपाकघराच्या दारात पाठ टेकवून उभे राहा, तिथून धुकं हलतं. ‘सकाळ’वर जुनी काच आहे, उजव्या कडेला निगेटिव्हची ती काळी चिंचोळी रेघ दिसेल. पाहून झालं की काकू काच उतरवून बाल्कनीत नेतात आणि उजेडाकडे धरतात. आपल्याला जे दिसतं ते खरं आहे, थोडंच आहे, आणि उलटं आहे.

आत्तापर्यंत आलेल्यांत एक मिश्राजी. मी त्या दिवशी तिथेच होते, तयारीत. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. पोहे खाल्ले, लिंबू मागून घेतलं. मग ‘सकाळ’पुढे जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने खिशातून दुसरा चष्मा काढला, लावला, वाकून बघितलं. तो काढून पहिला लावला.

काकू मागून म्हणाल्या, “चश्मा बदलने से कुछ नहीं होगा, मिश्राजी. हमारे ससुरजी ने बहुत कोशिश की थी.”